दोडक्याला दिलेलं पाणी

बागवानाच्या सुगराबीचं नाव आधी लिहून टाकते. मागाहून लिहीन म्हटलं तर राहून जाईल. माझं नेहमी तसंच होतं; सांगायचं असतं एक, सुरुवात होते भलतीकडून, आणि मधेच चुलीवरचं दूध आठवून मी उठते. म्हणून तिचं नाव पहिल्या ओळीत. आमच्या परसाला लागून तिची वाडी आहे, मधे तुरीच्या तुराट्यांचं कुंपण. माझी पानवेल आज हिरवी आहे ती सुगराबीमुळं. आता काय झालं ते सांगते.

पण त्याआधी हा वारा. फाल्गुन अर्धा उतरला की मेहकरचा वारा फिरतो. पहाटे तो अजून पैनगंगेकडून येतो, ओलसर, गोधडी पुन्हा अंगावर ओढावी असा. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं की तोच वारा पश्चिमेकडून कोरडा होऊन येतो आणि ओठ तडकतात. शेवग्याची पानं पिवळी होऊन परसभर सांडतात, टोपलीतून डाळ सांडावी तशी. कढीलिंबाला तांबूस लव फुटते. आणि माझ्या हातांची स्वस्थता जाते. भाकरी थापताना मधेच उठून मी परसात जाते, वेलीच्या बुडाशी माती बोटानं उकरून पाहते. ओल आहे. परत येते, तर तव्यावरची भाकरी करपलेली. थोड्या वेळानं पुन्हा जाते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून म्हणतात, "अवं, त्या मातीले किती खेपा इचारशीन? ते का पळून जाते?"

माती पळून जात नाही हे मलाही कळतं. पण ओल पळून जाते. मी ते एकदा पाहिलं आहे.

पुस्तकातल्या वसंतात कोकिळा असते. आमच्या परसातल्या वसंतात कामं असतात. होळीची राख टोपलीत भरून आणायची आणि वाफ्यांवर पसरायची. बियांवर आलेली कोथिंबीर उपटून सुपात वाळवायची. वालाच्या शेंगा उन्हानं तडकून बी उडायच्या आत तोडायच्या, बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. मोगऱ्याची पानं ओरबाडून काढायची, त्याला थोडं उपाशी ठेवायचं, मग पाणी द्यायचं, म्हणजे तो कळ्यांनी भरतो. पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांच्या तट्ट्या उभ्या करायच्या. लिंबाच्या आळ्यात गव्हांडा, गव्हाचा भुसा, अंथरायचा. यातलं एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक कामाला एक दिवस असतो, तो चुकला की वर्षभर चुकचुकत बसावं लागतं. आणि तो दिवस कालच होऊन गेला असं मला रोज वाटतं.

मी मूळची कृष्णाकाठची. मराठी तिसरीत होते तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले ती पुन्हा शाळेत गेलेच नाही. त्या तिसरीच्या नकाशात आमचा मुंबई इलाखा पिवळा होता आणि मध्यप्रांत-वऱ्हाड गुलाबी. गुरुजी छडी फिरवून दाखवायचे, आम्ही एका सुरात नावं म्हणायचो. त्या गुलाबी तुकड्यात आपल्याला नांदायला जायचंय हे तेव्हा कोण सांगणार! मामा खामगावला कापसाच्या बाजारात कारकून होते, त्यांनी हे स्थळ आणलं. गाड्या बदलत, मग घाट चढून, मी मेहकरात आले. इथं मला 'पुनेवाली' म्हणतात. पुणं मी पाहिलंय ते फलाटापुरतं. पण इथून पश्चिमेला जे काही आहे ते सगळं पुणंच, त्याला इलाज नाही.

सुरुवातीला इथलं बोलणं माझ्या कानाला लागेना. 'मले', 'तुले', 'काऊन' म्हटलं की मी नुसती मान हलवायची. माझं बोलणं ऐकून बाया पदर तोंडाला लावायच्या. कुंपणापलीकडून सुगराबीनं पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी तिला रीतीप्रमाणं 'तुम्ही' म्हटलं. ती इतकी हसली की तिच्या हातातल्या वांग्यांची पाटी कलंडली.

"तुमी काऊन म्हन्तं वं पोरी? मी का तशिलदार होय?"

तेव्हापासून 'तू'. या गुलाबी मुलखात मला 'तू' म्हणता आलेलं पहिलं माणूस ते.

वेलीचं सांगायचं राहिलं. माझ्या आईच्या परसात पानवेलींची एक रांग होती. नदीकाठची माती, पाटाचं पाणी, त्यामुळं पानं तळहाताएवढी. लग्नानंतर वडील एकदाच इकडे आले. आई येण्यासारखी नव्हती, तिला दम लागायचा. तिनं वडिलांच्या हाती वेलीचे तुकडे दिले होते, केळीच्या सोपटात गुंडाळून, वर ओलं फडकं. वडील वाटेत प्रत्येक ठेसनावर उतरून ते फडकं भिजवत आले. मला म्हणाले, "तुझ्या आईनं मला आंघोळीची आठवण केली नाही, पण याची दहादा केली." ते तुकडे मी कुंपणालगतच्या शेवग्याच्या बुडाशी लावले. त्यातला एकच जगला. पुढच्या थंडीत आई गेली.

वेल मात्र हळूहळू चढत गेली. या कोरड्या हवेत पानवेल लावणं म्हणजे मासा अंगणात पाळण्यासारखं आहे. पण शेवग्याची सावली, तट्ट्यांचा आडोसा आणि आमच्या आडाचं पाणी यांच्यावर ती तगली. आमचा आड उथळ, घरापुरता. आत्याबाईंना आधी त्या वेलीचं कौतुक नव्हतं. मग एका सणाला त्यांनी तिचं पान देवापुढं विड्याला ठेवलं आणि त्या दिवसापासून वेल देवाची झाली. चपला घालून तिच्याजवळ जायचं नाही. पान खुडायचं तर आंघोळ करून. मला बरं वाटलं. माझ्या माहेरचं काहीतरी या घराच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचलं होतं.

ज्या वर्षाचं सांगायचं त्या वर्षी वेल शेवग्याच्या शेंड्याला पोचली. पानवेलीचं असं आहे की शेंड्याला पोचली की तिची पानं बारीक होऊ लागतात, दांडा निबर होतो. मग फाल्गुनात ती उतरवायची. बांध सोडायचे, वेल हलक्या हातानं खाली घ्यायची, खालची पानं खुडायची, उघडा दांडा बुडाशी गोल गुंडाळून वर माती आणि शेणखत लोटायचं. शेंडा तेवढा हातभर वर ठेवून पुन्हा बांधायचा. मातीत गेलेल्या दांड्याला पेरापेराला मुळं फुटतात आणि वेल नव्यानं उभी राहते. आमच्याकडं हे लहान पोरींनाही ठाऊक असतं. इथं ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी माती लोटत होते तेवढ्यात आत्याबाई ओसरीवर आल्या.

"माय वं! जित्ती वेल गाडून राह्यली! सुगराबी, पाह्य वं इकडे, पुनेवालीनं देवाची वेल गाडली!"

सुगराबी कुंपणावर हजर. "काऊन वं पोरी, तिनं तुहं काय केलं?"

"आमच्याकडं असंच करतात. दांडा मातीत गेला की नवी मुळं फुटतात."

"फुटतीन?"

"फुटतात."

"अन् नाही फुटली तं?"

मी शेणखताची पाटी पुढं ओढली. सुगराबीनं डोळे बारीक करून त्या मातीच्या ढिगाकडं पाहिलं. "मले बाई पान खाची अक्कल हाय, लावाची नाही. पेरूचं इचार, वांग्याचं इचार. पन तुहे हात सांगून राह्यले का तुले ठावं हाय. होऊ दे."

आत्याबाई मात्र दिवसभर कुणालाही दिसेल तसं कपाळाला हात लावून बसल्या.

होळी झाली आणि मामा आले. खामगावहून मेहकरला काही कामानं आले होते, जेवायला थांबले. जेवता जेवता म्हणाले, तुझ्या वडिलांनी घर विकलं, भावाबरोबर मुंबईला गेले गिरणीत. मी विचारलं, "आणि परस?" मामा म्हणाले, "परसात त्यानं गोठा बांधलाय, घेणाऱ्यानं." मी विचारलं, "मामा, पानवेली?" मामांनी भाताचा घास तसाच हातात धरला. "कसल्या वेली बाई? तिथं आता शेणाचा खड्डा आहे."

मी त्यांना ताक वाढलं. मग परसात गेले. माझी वेल मातीखाली होती. आईच्या परसातलं जे काही या जगात शिल्लक होतं ते एवढंच, आणि ते मी माझ्या हातानं गाडून ठेवलं होतं. आता ही मेली तर दुसरा तुकडा आणायला जागाच नव्हती.

आजही हे लिहिताना मी मधे उठून परसात जाऊन आले. ओल आहे.

त्या वर्षी आमच्या आडानं चैत्र लागताच दगा दिला. पोहरा खाली जाऊन दगडावर घासल्याचा आवाज येई, आणि वर यायचा तो गढूळ घोटभर पाणी घेऊन. घरोघर बाया पैनगंगेच्या वाळूत झिरे उकरायला जाऊ लागल्या. वाळू उकरायची, कडेला बसायचं, वाटीवाटीनं पाणी भरायचं, तोवर डोक्यावर ऊन. ते पाणी आधी माणसांचं, मग बैलांचं, मग तुळशीचं. पानवेलीपर्यंत काही उरत नसे. भांड्यांचं राखेचं पाणी तिला सोसत नाही, आणि देवाच्या वेलीला खरकटं घालणार कोण! मी माझ्या वाट्याच्या पाण्यातलं वाचवून तांब्याभर घालायची. ती माती ते पाणी अशी पिऊन टाकायची की घातलं की नाही अशी शंका यावी. ढिगाला भेगा पडल्या. वर ठेवलेल्या शेंड्याची पानं आधी मऊ पडली, मग कडेनं काळी झाली.

सुगराबीच्या विहिरीला पाणी होतं. तिची विहीर खोल, बागाईतीची. तिचा थोरला लेक याकूब सकाळी मोट धरायचा. चाकाचा कुरकुर आवाज आणि पाणी विहिरीच्या तोंडच्या थाळण्यात पडतानाचा तो धबधब आवाज कुंपणापलीकडून यायचा. झिऱ्यावरून घागर घेऊन येताना तो आवाज ऐकला की माझ्या घशाला कोरड पडायची.

एकदा सुगराबीनंच आत्याबाईंपाशी विषय काढला. "पाटलीनबाई, माह्या इहिरीले गंज पानी हाय. पोट्टीले पाठवा पोहरा घेऊन. दोन घागरी तं लागते तिच्या वेलीले."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "सुगराबी, तुहं बोलनं खोटं नाही. पन या वेलीचं पान देवापुढे जाते. तुह्या पान्यावर वाढलेलं पान म्या देवाले कसं दाखवू? तूच सांग."

"हाव, ते बी खरंच हाय," सुगराबी म्हणाली, आणि वांगी तोडायला वळली.

दोघींच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. भांडण असतं तर मिटलं तरी असतं.

आणि गंमत अशी की सुगराबीच्या वाडीतली वांगी, पेरू, केळी आमच्या घरी रोज येत. त्याच विहिरीच्या पाण्यावर पोसलेली. सत्यनारायणाला केळीचे खांब तिच्याच वाडीतून येत आणि प्रसादात केळीही तिचीच. मी एकदा आमच्या यांना हे विचारलं. हे सरळ मनाचे. म्हणाले, "इकत घेतलं का थे आपलं होते. पानी का कोनी इकत घेते?" तिसरीपर्यंतच्या शिक्षणात एवढं बसत नव्हतं.

त्यानंतरच्या एका सकाळी मी नेहमीप्रमाणं बोट मातीत घातलं आणि दचकून मागं घेतलं. माती ओली होती. वरून नाही, वरचा थर तसाच भेगाळलेला. खालून ओली. कुंपणाच्या मुळाशी एक काळपट पट्टा पसरला होता आणि आमच्या उताराच्या बाजूनं तो शेवग्याकडं सरकत होता. पलीकडं कुंपणाला लागून कुणीतरी पाट काढला होता आणि मोटेचं पाणी त्यात सोडलं होतं. आमचं परस खाली, तिची वाडी वर. पाण्याला बाकी काही सांगावं लागलं नव्हतं.

मी तशीच बसून राहिले. आत्याबाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी त्या काळ्या पट्ट्याकडं पाहिलं, वेलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलंच नाही. मग आवाज चढवून म्हणाल्या,

"सुगराबी! ओ सुगराबी!"

"काय व पाटलीनबाई?"

"कुंपनापासून पाट काढला का तुनं?"

"हाव. दोडके लावले न इकडच्या अंगाले."

आत्याबाईंच्या एका शब्दावर तो पाट बुजला असता.

"चैतात दोडके?"

"काही दोडक्यायले चैतच लागते, पाटलीनबाई."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग दे बाई पानी," त्या म्हणाल्या. "दोडक्याले उपाशी ठुवू नये."

तेव्हापासून दोघींचं रोज दोडक्यांवर बोलणं होऊ लागलं. आत्याबाई ओसरीवरून विचारायच्या, "कसे काय हायेत दोडके?" पलीकडून उत्तर यायचं, "हायेत, जीव धरून." एके दिवशी ओल कमी दिसली तर आत्याबाई सकाळीच कुंपणाशी. "काल दोडके तहानले वाट्टे!" सुगराबी म्हणाली, "बैलाचा पाय सुजला होता व." "मंग त्याले एरंडाचं पान बांध शेकून. अन् दोडक्यायले इसरू नको." हे सगळं इतक्या गंभीर तोंडानं चालायचं की मीही आपली मान डोलवायची, जणू माझाही जीव दोडक्यांतच अडकला आहे.

अडकला होता वेलीत. वर ठेवलेला शेंडा तोवर गळून गेला होता. त्याच्या जागी एक सुकी काडी. मातीखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. उकरून पाहावं तर कोवळी मुळं तुटतील. न पाहावं तर राहवत नाही. मी दिवसातून कितीदा त्या ढिगापाशी जाऊन नुसता हात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कैऱ्या उतरल्या, कुरडया वाळल्या, कडूनिंबाचा मोहोर दारात झडला. मी सगळं करत होते आणि कुठंच नव्हते.

एकदा मी तट्ट्या बांधत असताना पलीकडून याकूबचा आवाज आला. चांगला दाढीवाला बाप्या, पण आईशी बोलताना रडका सूर. "अम्मा, उधर पानी काहेको छोड रही? इधर बैंगन मर रे."

"दोडके लगाई ना मैं उधर."

"किधर हैं दोडके?"

"आते. जल्दी क्या है तेरेको?"

मी तुराट्यांच्या फटीतून पाहिलं. पलीकडं कुंपणालगत लांबच लांब ओला वाफा होता. नीट बांध घातलेला, माती भुसभुशीत केलेली. त्यात काहीही नव्हतं. एक अंकुर नाही, एक काटकी रोवलेली नाही, आधाराला दोरी नाही. दोडका कधी पेरलेलाच नव्हता. आणि पलीकडच्या टोकाला तिची वांगी उन्हात माना टाकून उभी होती. तिच्याही विहिरीचं पाणी तेव्हा खाली चाललं होतं. मोट भरायला आधीपेक्षा वेळ लागायचा, ते मला आवाजावरून कळायला हवं होतं.

मी घरात येऊन आत्याबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पलीकडं दोडके नाहीतच."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "उगी राह्य," म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वाडीत डोकावू नये."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांची उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त आहे. कुंपणावरून बघायला त्यांना फट लागत नाही.

वैशाखात, सगळ्यात वाईट उन्हात, त्या ढिगातून तांबूस टोक वर आलं. सुईच्या अग्राएवढं. पहिल्यांदा मला वाटलं मुंगळा आहे. मग शेजारी दुसरं. आनंद झाला असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर मला भीतीच जास्त वाटली. मातीखाली होतं तोवर मेलं की जगलं याचा निकाल लागलेला नव्हता. आता ते उघड्यावर आलं होतं आणि त्याला ऊन, वारा, कोंबड्या, सगळंच होतं. मी त्याच्यावर फुटकं गाडगं उपडं घातलं. दिवसभर ते उचलून पाहत होते. सुगराबीला कुंपणावरून नुसतं म्हटलं, "आलं." ती म्हणाली, "कोन?" आणि मग माझ्या तोंडाकडं पाहून तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

पान खुडण्याजोगं झालं तेव्हा आत्याबाई आंघोळ करून आल्या. "आन एक पान," म्हणाल्या. त्यांनी ते धुतलं, पुसलं, सुपारी ठेवून देवापुढं मांडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. ते पाणी कुठून आलं हे देवाला आता त्या काय सांगणार? त्या नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहिल्या इतकंच. मग वळून म्हणाल्या, "आनखी एक आन." त्याला चुना-कात लावून विडा केला, परसात गेल्या आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या दगडावर ठेवला. हातात द्यायची रीत नव्हती.

"हे घे वं. वेलीचं पान हाय."

सुगराबीनं विडा उचलून गालात धरला. डोळे मिटून चावला. "तिखट हाय पुनेवाली," म्हणाली.

"अन् दोडके?"

"यंदा लागलेच नाही, पाटलीनबाई."

"होते असं एखाद साली," आत्याबाई म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वेल दर फाल्गुनात मी उतरवते, दर वेळी माझा जीव वर-खाली होतो, दर वेळी ती येते. आडाला कधी पाणी असतं, कधी नसतं. कुंपणापलीकडचा तो वाफा मात्र सुगराबीनं मोडलेला नाही. त्यात अजून कधी काही पेरलेलं मी पाहिलं नाही. मी आता तिथं डोकावतही नाही. सगळे म्हणतात, आता कशाला घाबरतेस, तुझी वेल पक्की झाली. पण दूर देशी आलेल्या झाडाला पक्कं कधी म्हणावं मला कळत नाही. मला स्वतःलाच अजून कधी कधी वाटतं की मी इथं तात्पुरती आहे, आणि मग लक्षात येतं की दुसरीकडं कुठं जागाच नाही. मग मी परसात जाते.

गेल्या महिन्यात सुगराबीला बरं नव्हतं म्हणून मी दुपारी तिच्या अंगणात गेले. कुंपणावरून नेहमीच बोलतो, पण दारानं जायची वेळ क्वचित येते. तिनं बाज पुढं ओढली. "बैस, उन्हाची आली तू," म्हणाली आणि तशीच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भरलेला तांब्या होता. घासून लखलखीत केलेला, बाहेरून घाम फुटलेला. मला तहान लागली होती. ती चार पावलं पुढं आली आणि एकदम थांबली. तिनं तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दाताखाली जीभ धरून हसली.

"भुललीच पाह्य मी. वय झालं."

आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तिनं ते सगळं पाणी वळून डाळिंबाच्या बुडाशी ओतलं. अगदी सहज, त्यासाठीच आणलं होतं असं. मग माझ्याजवळ बसून तिनं विचारलं, "उतरवली का यंदाची वेल?"

सुगराबी, तुला वाचता येत नाही, आणि मला तुझ्यापुढं बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. एक दिवस मी तुझ्या दारानं येईन. आत्याबाईंना सांगून येईन, ओसरीवर उभी राहून, नेहमीच्या आवाजात, की सुगराबीकडं पाणी प्यायला चालले. त्यात दोडका नसेल, कुंपण नसेल. त्या काय म्हणतील ते म्हणोत. त्यांनाही बहुधा ठाऊक असेल की हे कधीतरी होणार. मी तुझ्या बाजेवर बसेन आणि तुझ्या विहिरीचं पाणी मागेन. तू आत जाशील, तांब्या आणशील, आणि सवयीनं मधेच थांबशील. थांबू नकोस. मी हात पुढं केलेला असेल.